काकूंचा नंबर

बॉट पुन्हा बंद पडल्याचा फोन आला आणि माझं डोकंच फिरलं. टॉवेलच्या एका कारखान्याच्या चॅट अ‍ॅपला, मेसेज आला की आपोआप उत्तर देऊन ऑर्डर घेणारा हा बॉट मी जोडून दिला होता. सकाळी नीट चालायचा, दुपारी बंद. सर्व्हर तपासला, पासवर्ड बदलले, मदत केंद्राशी भांडले. काही उपयोग नाही. शेवटी स्कूटर काढून अक्कलकोट रोड एमआयडीसी गाठली.

कारखान्याच्या वरच घर. मालकाची आई मोबाइल घेऊन बसली होती, आणि त्यात तेच अ‍ॅप, तोच नंबर! एक नंबर एकाच ठिकाणी चालतो. काकूंनी फोनवर सुरू केला की माझा बॉट बाहेर. सिमकार्ड त्यांच्याच फोनमध्ये होतं, त्यामुळे नंबर सुरू करायला लागणारा कोडही त्यांनाच यायचा. मालक तेलुगूत त्यांच्यावर ओरडला. मीही चिडलेच होते.

"नंबर माझाच हाय की," काकू मला म्हणाल्या. "दुपारी निवांत झालं की व्यापारी बोलतात. आधी घरचं, मग मालाचं. तुझ्या यंत्राला घरचं कुटं कळतंय? दुधनीच्या व्यापाऱ्याची बायको गेली. त्यानं मला कळवलं, तर त्याला काय उत्तर गेलं बघ."

मी लॅपटॉप उघडला. त्याच्या मेसेजखाली बॉटचं उत्तर होतं: 'नवीन ऑर्डरसाठी १ पाठवा.' मला अक्षरशः लाज वाटली.

नवरा गेल्यापासून ही गिऱ्हाइकं काकूंनीच राखली होती, दुधनीकरांशी तर कानडीत बोलून. बॉटला दुसरा नंबर घ्या, असं मी मालकाला सुचवलं. तो म्हणाला, "गिऱ्हाईक हाच नंबर ओळखतं. आईला नवीन घेऊन देतो. तुम्ही कायमचा बंदोबस्त करा."

बंदोबस्त सोपा होता. एक पिन लावायचा. मग तो माहीत असल्याशिवाय नंबर दुसरीकडे सुरूच होत नाही. मी मुकाट्याने लावला.

काकू बघत होत्या. "नव्या नंबरावर मला कोण वळखंल?" त्या म्हणाल्या. "आता कुणाचं काय झालं तर मला कोण कळवंल गं?"

मी लॅपटॉप मिटला. चहा न घेताच निघाले.

त्यानंतर बॉट एकदाही बंद पडलेला नाही. मालक खूश आहे. दुपार झाली की मी मात्र लॅपटॉप उघडून बघते. दुधनीहून अजून एकही मेसेज आलेला नाही.