मुकादमाच्या दातातला पाग

मुकादम म्हंजे काय? बांधावर उभं करून ठेवलेलं तोंड. मी त्यातलाच. शाळंचं तोंड बघितलं न्हाय, पण माझी हाक खाडीच्या पलीकडं जायची, म्हणून उरणच्या बाजूला एका शेठनं मला मिठागरावर मुकादम केला. स्वातंत्र्य नुकतंच आलेलं. मला वाटलं, ते मलाच मिळालं.

आजूबाजूचे मुकादम दुपारी मजुरांशी पत्ते खेळायचे. मजूर बिचारे मुद्दाम हरायचे, आणि हे मिशीला पीळ द्यायचे. मी त्यांच्याहून शहाणा. मी म्हटलं, आपण पाग टाकायला शिकू. जाळं फेकायचं, मासळी वढायची, त्यात काय मोठं?

सासऱ्यानं शिकवायला घेतलं. जाळ्याची एक कड दातात धरायची, बाकीचं कोपरावर, कंबर फिरवून फेकायचं, आणि फेकताना तोंड उघडायचं. मी फेकलं. तोंड उघडलं न्हाय. जाळ्याच्या कडंला बांधलेल्या शिशाच्या गोळ्यांनी मला दाताला धरून खाडीत वढला. पुढचा एक दात जाळ्यासंगं गेला आणि मुकादम चिखलात पालथा.

"जावईबुवा," सासरा बांधावरनं म्हणाला, "दिवसभर मिटत न्हाय त्ये तोंड. हितं कशाला आवळून धरलंत?"

बायको पदर तोंडात कोंबून हसत व्हती. मी रोज भरतीला जायचो. रोज जाळं पिळलेल्या धोतरासारखं पडायचं. एकदा चिखलात उड्या मारणारी एक निवटी आली, ती बी सोताच्या पायानं.

त्याच हंगामात पाली गावाकडचा एक भातशेतकरी कामाला आला. मीठ कधी वढलं नव्हतं. वाफ्यातलं मीठ फळीनं हलकं, वरच्या वर वढायचं असतं. ह्यानं फळी अशी दाबली जशी काय चिखलणी चालू हाय. तळाचा गाळ उखडून मीठ काळं आलं.

"मीठ वढतोस का भात लावतोस रं?" मजूर वरडले.

मीठ न्यायला शेठचा मचवा दुसऱ्या दिवशी खाडीतनं यायचा व्हता. अशा वेळची रीत ठरलेली: मुकादमानं सगळ्यांदेखत त्याची फळी बांधावर भिरकावायची, आणि गड्यानं बोचकं उचलून चालू पडायचं. मग दुसरं कुठलं मिठागर बी त्याला घेत न्हाय, हंगाम गेला. ही फळी मी लय जणांची भिरकावलेली, छाती फुगवून. हलकटपणाच तो, पण त्यालाच मी कारभार म्हणायचो.

मी फळी उचलली. वरडायला गेलो तर दाताच्या भोकातनं नुस्ती शिट्टी वाजली.

तो खाली मान घालून म्हणाला, "मुकादम, शेतात खोल दाबलं की पीक चांगलं. डोक्याला समजतंय, हाताला न्हाय."

माझी हिरडी ठणकत व्हती. हाताला न समजणं म्हंजे काय, ते मला खाडीनं रोज शिकवलेलं. फळी भिरकावता येईना. म्हटलं, "सरक. बघ कसं वढतात." आणि वाफ्यात उतरलो.

किती वर्सं मी फळी धरली नव्हती! पहिल्याच वढीला त्याच्याहून काळा गाळ वर.

सगळं मिठागर हसून फुटलं. "मुकादम, तुमी बी बोचकं बांधा!"

दुसऱ्या दिवशी शेठ ढीग बघून कपाळाला हात लावून उभा. "अरे मुकादम, आ शूं? हे काळं कोणी केला?"

"मी."

"तू? तू तर बांधावरून उतरतोस कधी?"

"काल उतरलो, शेठ. त्याचंच हे."

शेठनं मला जे काय सुनावलं त्यातलं निम्मं गुजराती व्हतं, म्हणून निम्मंच लागलं. पण मला काढला न्हाय. एवढी मोठी हाक दुसऱ्या कुणाची नव्हती.

तो पालीकडचा राहिला. दोघं शेजारशेजारच्या वाफ्यात फळी वढत बसलो, मजूर येताजाता खिदळायचे. थोड्याच दिवसांत त्याचं मीठ पांढरंशुभ्र पडायला लागलं.

माझं न्हाय. शेवटी शेठनं मला फळीला हात लावायची बंदी केली.