काकूंच्या आजीची मिशी

बहरीनमधल्या आमच्या मराठी मंडळाने काकूंच्या आजीवर नाटक बसवायचे ठरवले, तेव्हा तिची भूमिका माझ्याकडे येईल असे कुणालाच वाटले नव्हते. मी हिद्दमधल्या एका गोदामाचा हिशेबनीस. वय पन्नाशीपलीकडे, आवाज असा की बैठकीत मी काही बोललो हे लोकांना पुष्कळदा इतिवृत्त वाचल्यावरच कळते.

काकू म्हणजे माझ्या इंजिनियर मित्राच्या आई. सनाबिसला मुलाकडे राहतात. त्यांची आजी गेल्या शतकाच्या आरंभी केवळ स्त्रियांच्या एका नाटक मंडळीत होती. अन्यत्र पुरुष बायका होत. या मंडळीत बायका पुरुष होत. आजी राजे आणि सेनापती करायची. पुढे मंडळी मोडली आणि तिने उरलेले आयुष्य एका धर्मार्थ दवाखान्यात विनावेतन रुग्णसेवा करण्यात घालवले.

मंडळातल्या स्त्रियांना ही सेवा मान्य होती, मिशी नव्हती. मिशीतले फोटो मुलांच्या शाळेपर्यंत पोचतील, अशी त्यांना धास्ती होती. अखेर अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले आणि मला नाही म्हणता आले नाही. पुरुष होणाऱ्या बाईचे काम करण्यासाठी अशा रीतीने एका पुरुषाला बाई व्हावे लागले. तालमीत मला आधी लाजायला शिकवले, मग त्या लाजण्यावर मिशी लावून दरडावायला.

काकूंची अट एकच होती. आजी दवाखान्यात नुसती फळे वाटत नसे. तापात बरळणारा रुग्ण ज्याला हाक मारी, तो ती होई. कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ; एका गाडीवानाच्या बैलाच्या वतीनेही तिने एकदा हुंकार दिला होता म्हणे. काकूंच्या वडिलांनी ही गोष्ट घरात कधी बोलू दिली नाही. मरणाऱ्यापुढे सोंग आणणे ही फसवणूक, असे त्यांचे मत. आजी फसवी नव्हती हे चार लोकांनी डोळ्यांनी पाहावे, एवढेच काकूंना हवे होते. तो प्रवेश झाला पाहिजे, असे त्यांनी मला बजावले होते.

शेवटच्या तालमींत अध्यक्षांनी तोच प्रवेश काढला. प्रमुख पाहुण्यांसमोर आचरटपणा नको, फळवाटप पुरे, असे त्यांचे म्हणणे. मी मान डोलावली. काकूंना मात्र कुणी कळवले नाही. मीही नाही.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी काकू न्हाणीघरात पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. नाटकाला येता येत नाही, निदान वेष तरी दाखवून जा, असा त्यांचा निरोप आला. म्हणून प्रयोगाच्या संध्याकाळी मी नऊवारी, फेटा आणि मिशी अशा थाटात रुग्णालयात गेलो. मिशी काढली तर पुन्हा नीट बसणार नाही, अशी रंगभूषाकाराची ताकीद होती. दारावरच्या पहारेकऱ्याने माझे रेसिडेंट कार्ड आणि माझे तोंड आळीपाळीने पाहिले व रुग्ण कोण असे विचारले. मी नव्हे, हे त्याला पटायला वेळ लागला.

काकूंनी मला डोळे भरून पाहिले, फेटा सारखा करायला लावला आणि दवाखान्याचा प्रवेश कसा बसलाय असे विचारले.

"तो काढलाय, काकू."

"कोणी?"

"अध्यक्षांनी."

"आणि तू काय केलंस?"

"मान डोलावली."

काकू भिंतीकडे पाहू लागल्या. "म्हणजे फळवालीच झाली की रे माझी आजी."

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या वृद्ध बहरीनी बाईंनी माझ्या दिशेने हात पुढे केला आणि एक नाव घेतले. त्यांची मुलगी उशाशी बसली होती. भाऊ परदेशी आहे, आई दुपारपासून त्यालाच बोलावते आहे, असे तिने मोडक्या हिंदीत सांगितले. मग माझ्या मिशीकडे पाहून ती म्हणाली, "बैठो ना. थोड़ा बोलो."

मी बसलो. माझे अरबी गोदामापुरते. त्यांनी पुष्कळ वेळ काही विचारले, मी म्हणालो, "इंशाल्ला." मुलीने पसंतीची मान हलवली. पुढचा प्रश्न जेवणाचा असावा, मी म्हणालो, "खलास." मग त्या रागावल्या. कशाबद्दल ते कळले नाही, पण रागावून घेण्याचा माझा सराव दांडगा आहे. मी मान खाली घातली.

मागून काकूंचा आवाज आला. "छातीतून बोल. तू मुलगा आहेस त्यांचा, कारकून नव्हेस."

गोदामात हमालांना घाई करताना म्हणतो ते "यल्ला" मी छातीतून म्हणालो. म्हातारबाईंचा राग निवळला. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, मिशी चाचपली, आणि ती त्यांच्या हातात आली. मूठ घट्ट मिटून त्या डोळे मिटून पडल्या.

फोन वाजत होता. अध्यक्ष होते. पाहुणे आले, फळे मांडून झाली, तुम्ही कुठे आहात, असे ते विचारत होते. मी घड्याळ पाहिले. त्यांना हळू आवाजात सांगितले की मी दवाखान्याच्या प्रवेशात आहे, यायला उशीर होईल. तो प्रवेश काढला आहे, असे त्यांनी मला पुन्हा समजावले. मी फोन ठेवला. आज प्रथमच मान डोलावली नव्हती. अर्थात फोनवर ती त्यांना दिसलीही नसती.

काकू आता माझ्याकडे वळल्या होत्या.

"आजीनं घड्याळ बघितलं नसतं," त्या म्हणाल्या. "बाकी ठीक."

म्हातारबाई पुन्हा पुटपुटल्या. या वेळी नाव वेगळे होते. आता आई तिच्या मोठ्या बहिणीला बोलावते आहे, असे मुलगी संकोचाने म्हणाली आणि माझ्या नऊवारीकडे पाहू लागली. मी काकूंकडे पाहिले.

"बघतोस काय? ओ दे."