भाडं घेणारी, भाडं देणारी नलू

पासपोर्टच्या खिडकीवरून नलू परत आली तेव्हा तिच्या एका हातात पासपोर्ट होता आणि दुसऱ्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. मी तिला सोडायला कुवेतच्या विमानतळावर गेले होते आणि गुडघे दुखतात म्हणून बाकावर बसून होते. मला वाटलं, लाडू नेऊ देत नसतील. ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, मला सोडंनात. माझं भाडं थकलंय म्हणं."

मी हसले. खोटं कशाला बोलू? नलू खरातचं भाडं थकलं हे ऐकून आमच्या फ्लॅटमधली कोणीही बाई हसली असती.

पण हसण्याची वेळ नव्हती. लातूरला तिची लेक पूजा नववा महिना लागून बसली होती, पहिली खेप. नलूचा नवरा कधीच वारलेला, जावई पुण्याला नोकरीला. पहिलं बाळंतपण आईनं करायचं म्हणून नलूने दोन वर्षं सुट्टी साठवली होती. आणि आता खिडकीतला पोलीस सांगत होता की तुझ्यावर भाड्याचा दावा आहे, तुला देश सोडता येणार नाही, रविवारी कोर्टात जा आणि पैसे भर. त्या दिवशी गुरुवार होता, दुपार झाली होती. शुक्रवार-शनिवार कोर्टाला कुलूप.

नलू कुवेतमध्येच जाब्रिया भागात एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. मी त्याच भागात दातांच्या एका मराठी डॉक्टरकडे स्वयंपाकाला आणि मुलं सांभाळायला होते. मुलं मोठी झाली तशी त्यांना माझी खोली हवी झाली, आणि मी हवल्लीत नलूकडे राहायला गेले. दोन खोल्या, एक हॉल, एक बाथरूम, पाच बायका. कराराच्या कागदावर सही फक्त नलूची. बाकीच्या चौघींनी तिला आपापला वाटा द्यायचा आणि तिने तो मालकाला पोचवायचा. इथे सगळे असेच राहतात. कागदावर एक माणूस आणि चपला पाच जणांच्या.

माझी तिची खरी ओळख बाथरूमच्या दारात झाली. महिन्याची पहिली तारीख होती. नलू पहाटे उठून दारात स्टूल टाकून बसली होती, मांडीवर दूध पावडरीचा रिकामा डबा. आपला वाटा डब्यात टाकायचा, मग आत जायचं. ज्यांनी दिला नाही त्यांची आंघोळ सगळ्यात शेवटी. ही शिक्षा काय आहे हे मला जूनमध्ये कळलं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात असं तापतं की सकाळी सातनंतर नळ सोडला तर अंगावर फोड येतील. शेवटचा नंबर म्हणजे उकडून निघणं.

आमच्यात शुभांगी नावाची नाशिकची मुलगी होती, ब्यूटी पार्लरात कामाला. ती एकदा रडवेली होऊन म्हणाली, "नलूताई, माझा पगार पाच तारखेला होतो हो."

"मग पाच तारखेला आंघोळ कर," नलू म्हणाली.

तिने केलीही. चार दिवस आम्ही तिच्यापासून लांब बसलो.

नलू अशी का होती हे मला पुढे समजलं. ती स्वतः मालकीण होती. लातूरला तिने दोन मजली घर बांधलं होतं, नव्या वस्तीत, आजूबाजूला सगळे रिकामे प्लॉट. वर पूजा राहायची आणि खाली एक शिकवणीवाला मास्तर भाड्याने होता. त्या मास्तरने आठ महिन्यांचं भाडं दिलं नव्हतं. दर शुक्रवारी सकाळी आम्ही चहाला बसलो की नलू त्याला फोन लावायची, स्पीकरवर, म्हणजे आमचीही करमणूक व्हायची. "मास्तर, तुमी पोरांला व्याजाची गणितं शिकवायलाव आन् मला मुद्दल दीनात," असं ती म्हणायची. मास्तर आधी कारणं सांगायचा. सासू आजारी, पोरांच्या फिया आल्या नाहीत, गाडीचं काम निघालं. मग त्याने फोन उचलणंच सोडलं. नलूने पूजाला सांगून खालच्या पाण्याचा कॉक बंद करवला. मास्तरीण अंगणात उभी राहून दोन तास बोलली, ते पूजाने आईला फोनवर ऐकवलं. तेव्हापासून वरच्यांचं आणि खालच्यांचं तोंड बंद.

तर अशी बाई. भाडं बुडवणाऱ्याचा तिला इतका राग की सिनेमात कोणी भाडेकरू मालकाला चुकवून जिन्यावरून पळाला तर ती टीव्ही बंद करायची.

आमच्या इमारतीचा राखणदार अब्दो नावाचा इजिप्तचा माणूस होता. राखणदाराला इथे हारिस म्हणतात. झाडलोट, लिफ्ट आणि मालकासाठी भाडं गोळा करणं, सगळं त्याच्याकडे. पाच तारखेला तो पावती पुस्तक घेऊन वर यायचा. एका महिन्यात आला नाही. नलू डबा घेऊन खाली गेली. त्याने छातीवर हात ठेवला, मालक बाहेरगावी गेलाय म्हणाला, आणि "फुलूस बादेन, मदाम," म्हणजे पैसे नंतर. पुढच्या महिन्यातही तेच. त्याच्या पुढच्याही.

शुभांगीला आनंद झाला. मालक मेला असेल तर आपला वाटा परत दे, मला कानातले घ्यायचेत, असं ती म्हणू लागली. नलूने एक फिल्स, म्हणजे इथला पैसा, परत दिला नाही. "भाडं घ्याला न येणारा मालक मी अजून बघितला न्हाई," ती म्हणाली. "मी सोता मालकीण हाय. ह्यो कायतरी करायलाय."

इथपर्यंत तिचं डोकं बरोबर चाललं. पुढे चुकलं. तिने दर महिन्याच्या नोटांना वेगळं रबर लावून त्या डब्यात ठेवल्या आणि ठरवलं की आपण भाडं दिलं. डब्यात आहे म्हणजे दिलंच. मलाही ते पटलं होतं. असे सहा महिने गेले. मधल्या काळात तिच्या मोबाइलवर अरबीत काही निरोप आले. कोंबडी आणि पिझ्झाच्या जाहिरातीही अरबीतच येतात, त्यांच्याबरोबर तिने तेही पुसून टाकले.

आता विमानतळावरच्या बाकाकडे येते.

नलूने पूजाला फोन लावला, मला यायला चार दिवस उशीर होईल म्हणून सांगायला. पूजा म्हणाली, डोकं सकाळपासून ठणकतंय आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात. नलू बाकावरून उठली. तिचा आवाज एकदम खाली गेला. पाच वर्षं मी तिच्या घरात राहिले, पण दवाखान्यातली नलू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तोंड सुजलंय का, वर पोटात दुखतंय का, लघवी कधी झाली, असं तिने एकेक विचारलं. मग डाव्या कुशीवर झोप आणि आधी दाराची कडी काढून ठेव, एवढं सांगून फोन ठेवला.

"बीपी चढलंय तिचं," ती मला म्हणाली. "आता झटके येतील. झटक्यात आई बी जाती आन् लेकरू बी."

जावई पुण्याहून निघाला तरी रात्र होणार. रुग्णवाहिका त्या वस्तीत कधी वेळेवर आली नव्हती. जवळ माणूस म्हणाल तर एकच, खालचा मास्तर. नलूने त्याला फोन लावला. त्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. माझ्या फोनवरून लावला, तर तोही कापला. कुवेतचा नंबर दिसला की मास्तर कापणारच, आठ महिन्यांची सवय.

मी म्हटलं, पूजा आजारी आहे असा निरोप पाठव.

"त्यो बोलून झालाय," नलू म्हणाली. मागच्या महिन्यात तिने तसा निरोप खोटाच पाठवला होता. लेकीला दवाखान्यात न्यायचंय, निदान अर्धं भाडं तरी द्या. मास्तरने वर येऊन पाहिलं तर पूजा शेवया खात होती.

आता तिने बोलका निरोप पाठवायचं ठरवलं. फोन तोंडाशी धरून बोलली, "मास्तर, आठ महिन्यांचं भाडं सोडलं. देवाशपथ सोडलं. फोन उचला."

दोन मिनिटांच्या आत मास्तरचाच फोन आला. मी पुन्हा हसले. नलू हसली नाही. तिने त्याला एकच वाक्य सांगितलं, आणि मास्तर जिना चढताना आम्हाला ऐकू आला. मागून मास्तरीणही आली. नलूने फोन तिच्या हातात द्यायला लावला.

"बाई, तिच्या नडगीवर अंगठा दाबा, दहा आकडे मोजा आन् काढा. खड्डा ऱ्हातोय का?"

"ऱ्हायलाय की."

"मास्तरला गाडी काढू द्या."

मास्तरची जुनी व्हॅन, शिकवणीच्या पोरांना ने-आण करायची. तिच्या मागच्या सीटवर पूजाला घातलं आणि मास्तरणीने फोन चालू ठेवला. अर्ध्या रस्त्यात झटका आला. मास्तरीण ओरडायला लागली, मास्तर कांदा शोधायला लागला.

"कुशीवर करा," नलू म्हणाली. "तोंडात कायबी घालू नका. चमचा न्हाई, चप्पल न्हाई, कांदा न्हाई. मास्तर, तुमी पुढं बघा आन् गाडी चालवा." हे ती ओरडून बोलली नाही. आमच्या शेजारी एक केरळची बाई पोराला बिस्कीट भरवत होती, तिला कळलंही नसेल. दवाखान्यात पोचल्यावर नलू तिथल्या नर्सशी इंग्रजीत बोलली, आणि मग मास्तरणीच्या हातातल्या फोनची बॅटरी गेली.

आम्ही घरी परतलो. रात्री जावयाचा फोन आला. पोट चिरून मूल काढलं होतं. मुलगी, दीड किलो, काचेच्या पेटीत. पूजा शुद्धीवर नव्हती. डॉक्टर दोघींबद्दल काहीच सांगत नव्हते. नलूने ते ऐकलं आणि डब्यातल्या नोटा मोजायला बसली.

रविवारी मी तिच्याबरोबर कोर्टात गेले. तिच्या दवाखान्याने कागदपत्रांची कामं करणारा त्यांचा मल्याळी माणूस सोबत दिला होता. त्याने सगळं वाचून हिंदीत सांगितलं. मालकाला आमच्याकडून भाडं वाढवून मिळत नव्हतं, कायदा आड येत होता. नवा भाडेकरू जास्त देणार होता. म्हणून मालकाने आमचं भाडं घेणंच बंद केलं आणि कोर्टात सांगितलं की ही बाई सहा महिने भाडं देत नाही. कायद्याने भाडं वेळेत पोचलं पाहिजे. मालक घेत नसेल तर ते कोर्टात आणून ठेवता येतं. आम्ही उभ्या होतो तिथून तिसरी खिडकी त्याच कामाची होती.

नलूने डबा खिडकीवर ठेवला. कारकुनाने वर खर्च लावून पैसे घेतले आणि डबा परत दिला.

बाहेर आल्यावर मला वाटलं, ही आता मालकाला शिव्या घालेल. ती म्हणाली, "काय डोकं हाय बगा, मावशी. मला मालकीण आसून सुचलं न्हाई." मग थोडं चालून म्हणाली, "माझं बी भाडं थकलतं, हे मास्तरला कळू द्यायचं न्हाई."

मंगळवारी तिला विमान मिळालं. पैसे भरले तरी वेळेत पोचले नव्हते म्हणून कोर्टाने घर मालकाला दिलं, आणि त्या महिनाअखेरीस आम्हाला फ्लॅट सोडावा लागला. अब्दोने माझी बॅग खाली उतरवून दिली आणि मालकाने सांगितलं तसं मी बोललो, असं काहीतरी पुटपुटला. मी त्याला मराठीत सांगितलं की तू गाढव आहेस. त्याने मान डोलावली.

नलूचा फोन पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला आला. ती अजून लातूरच्या दवाखान्यातच बसून होती आणि मास्तरीण रोज तिला भाकरीचा डबा पोचवत होती. त्या सकाळी नलूने भाकरी खाल्ली, डबा घासून परत केला आणि मास्तरणीला सांगितलं की आठ महिने सोडले, नववा आजपासून चालू.

मी म्हटलं, तुला लाज नाही का? त्यांनी तुझी लेक उचलून नेली.

"उपकार येगळे, भाडं येगळं," नलू म्हणाली. "उपकाराचं नाव मी मरंपर्यंत काढीन. पर मी आठ महिने कबूल केलते. जलमभर न्हाई."

मास्तरने नववा महिना दिला. दहावा दिला नाही, आणि पुन्हा फोन कापायला लागला. आता नलू त्याच्या डोक्यावरच राहत होती, त्यामुळे फोनची गरजही नव्हती. ती कुवेतला परत आली नाही. कॉक मात्र तिने पुन्हा कधी बंद केला नाही. त्याबद्दल विचारलं तर म्हणायची, कॉक गंजलाय.

गेल्या वर्षी नलू गेली. हृदय बंद पडलं, नर्स असून स्वतःचं तिने कधी तपासलं नव्हतं. पूजाने मला फोन करून कळवलं. मास्तर अजून खालीच राहतो.

पूजा त्या वेळी सहा दिवसांनी शुद्धीवर आली होती. मुलगी चाळीस दिवस पेटीत होती. दोघी जगल्या.