सोमलिंग आप्पांनी गाडी काट्यावर घातली

कोल्हापूरच्या गूळ बाजारात सोमलिंग आप्पांची एक ख्याती होती. देवळात गेले तरी आधी आपल्या चपलांजवळ कोण घुटमळतंय ते बघायचे आणि मग देवाकडं वळायचे. गूळ पिवळाधमक दिसला की बाकीचे व्यापारी खूश व्हायचे, आप्पांच्या कपाळाला मात्र आठी. एवढा पिवळा म्हणजे नक्की काहीतरी घातलंय! मग गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप फोड, आतला खडा काढ, जिभेवर ठेव, थुंक, पुन्हा दुसरीकडनं फोड. शेतकरी कावून जायचा. पण उभ्या आयुष्यात आप्पांना कुणी फसवलं नव्हतं, हेही खरं. आणि न फसलेल्या माणसाला हळूहळू वाटायला लागतं की सगळं जग आपल्यालाच फसवायला टपून बसलंय.

असा हा माणूस दोन हजार तीन साली जुनी गाडी घ्यायला निघाला. तीही साधीसुधी नव्हे. दोन सीटची, बुटकी, स्पोर्ट गाडी. वरचा कापडी टप मागं सारला की डोक्यावर थेट आभाळ. कसबा बावड्यातल्या लोकांनी तोंडात बोटं घातली. "म्हातारपणी चळ लागला आप्पाला," असं शेजारी पिराजी सगळ्यांना सांगत सुटला.

चळबिळ काही नव्हता. आप्पांची बायको शिवलीला बंद गाडीत बसली की गुदमरायची. काचा उघड्या ठेवा, पुढं बसवा, काही करा. कोल्हापूर सुटायच्या आत तिचा घसा आवळायचा आणि हातपाय गार पडायचे. रिक्षाच्या टपाखालीसुद्धा तेच. आप्पांच्या स्कूटरवर मात्र ती खुशाल निपाणीला माहेरी जायची. मग आप्पांची पाठ गेली, स्कूटर सुटली आणि तिचं माहेरही सुटलं. उघडी जीप आप्पांनी बघितली होती, पण तिच्या हिसक्यांनी ते दोन दिवस अंथरुणावर पडले. चार वर्षं शिवलीलानं आईचं तोंड बघितलं नव्हतं. आई, बसव्वा, खाटेला खिळलेली. आणि आता निपाणीहून भावाचा, रुद्रेशचा फोन आला होता, "अव्वा माणसं वळखंनाशी झालीया. आक्का, येणार असलीस तर लौकर ये."

म्हणून ही गाडी. एरवी रोज बावड्यातनं बाजारात जायला, आणि पहिल्यांदा निपाणीला.

गाडी होती शिवाजी पेठेतल्या जरीनाची. जरीना लग्नातल्या नवऱ्या सजवायची. मेंदीचं, रंगाचं सामान शेजारच्या सीटवर टाकून ती याच गाडीतनं इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज असं हिंडायची. आप्पांनी गाडीला तीन फेऱ्या मारल्या, वाकून खाली बघितलं, रंगावरनं नख ओढलं.

"इकताय कशापायी?"

"आता नणंद बी कामाला येती संगं, अण्णा. आम्ही दोघी, वर पेट्या. दोन सीटांत बसायचं कसं?"

आप्पांच्या मनात पाल चुकचुकली. एवढं साधं कारण कधी खरं असतं होय? गाडी विकणारा माणूस काहीतरी मोठं सांगतो. मुलीचं लग्न, परगावची बदली. ही बाई सरळ पेट्या सांगते! भावही तिनं वाजवी सांगितला, आणि तेही आप्पांना खुपलं. वर म्हणाली, "एक दिवस घिऊन जावा, चालवून बघा." किल्ली तिनं हातावरच ठेवली. ना काही तारण, ना कुणाची ओळख. आप्पा चक्रावले. हिला भीती कशी वाटत नाही?

आपल्याला गाडी कशाला हवी हे मात्र आप्पांनी सांगितलं नाही. गरज दाखवली की भाव चढतो, ही बाजारातली पहिली शिकवण.

त्या दिवशी शिवलीलानं आईसाठी मऊ लुगडं घेतलं, पिशवी भरून दाराशी ठेवली. आप्पा गाडी घेऊन निघाले ते थेट गुळाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर. दिसण्याला माणूस भुलतो, काटा भुलत नाही. गाडी फळीवर चढवली, स्टेअरिंग धरून बसून राहिले, आणि खालनं वजनाची चिठ्ठी मागून घेतली. गाडीच्या छापील पुस्तकात लिहिलेल्या वजनापेक्षा भरलं ऐंशी-नव्वद किलो जास्त!

आप्पांना एकदम हलकं वाटलं. सापडलं! गाडी कुठंतरी दणकून ठोकलेली असणार आणि पत्र्याच्या आत थापून पुट्टी भरलेली असणार. तसेच शिवाजी पेठेत गेले. जरीनाकडं दोन नवऱ्या आणि त्यांच्या आया बसल्या होत्या. त्यांच्यादेखत आप्पांनी चिठ्ठी नाचवली.

"ठोकलेली गाडी गळ्यात मारताय व्हय? ह्यो बघा काटा!"

जरीनाचा चेहरा उतरला. तिनं चिठ्ठीकडं बघितलंसुद्धा नाही. किल्ली घेतली, म्हणाली, "मला इकायची न्हाय गाडी. या तुम्ही."

आप्पा छाती काढून घरी आले आणि सगळी हकीकत बायकोला सांगितली. शिवलीलानं चिठ्ठी हातात घेऊन बघितली. मग विचारलं, "काट्यावर गाडीत कोण हुतं?"

"कोण म्हंजे? मीच की."

"मग ते नव्वद किलो तुमचंच की हो."

बाजारात ट्रक रिकामा एकदा आणि भरलेला एकदा, असा दोनदा काट्यावर चढतो. ड्रायव्हर दोन्ही वेळा आतच, त्यामुळं त्याचं वजन हिशेबातनं आपोआप निघून जातं. सगळा जन्म तसंच बघत आलेल्या आप्पांना गाडीतनं खाली उतरायचं सुचलंच नव्हतं.

शिवलीला भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, पिशवीतनं लुगडं काढलं आणि कपाटात परत ठेवून दिलं.

सकाळी ते जरीनाच्या दारात उभे राहिले. चुकलं म्हणाले, आणि हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

"चुकलं म्हंता, पण आता मलाच तुमचा संशय येतोय," जरीना म्हणाली. "उद्या टायरातली हवा कमी वाटली तर पोलीस घिऊन याल. एवढी कशाला पायजे हो तुम्हाला ही गाडी?"

तेव्हा आप्पांनी पहिल्यांदा खरं सांगितलं. सांगताना आवाज फुटला, त्याची त्यांना लाजही वाटली.

जरीना म्हणाली, "लेकीला आईला बघायचं हाय, आणि तुम्ही काटा करत बसला? रविवारी मी नेते त्यास्नी. गाडी माझी, चालवणार मी. तुम्ही एस्टीनं या."

रविवारी शिवलीला त्या उघड्या गाडीत पदर घट्ट खोचून बसली आणि भुर्रकन गेली. आप्पा एस्टीत खिडकीला डोकं लावून बसले. वाटभर मन खात होतं. ही बाई हे कशापायी करते? हिचा काय डाव असेल? कागल गेलं, निपाणी आली, तरी डाव काही सापडला नाही.

घरात शिरले तर शिवलीला आईच्या खाटेवर बसलेली, दोन्ही हात आईच्या हातात. कोपऱ्यात जरीना चहा पीत होती. बसव्वानं लेकीला आवाजावरनं ओळखलं होतं.

"पण आलीस कशी गं? कुणी आणलं तुला?"

शिवलीलानं दाराकडं बघितलं. "ह्यांनी आणलं, अव्वा. माझ्यासाठी उघडी गाडी हुडकली ह्यांनी."

जरीना मान खाली घालून चहा पीत राहिली. म्हातारीनं हात पुढं केला, आप्पा जवळ जाऊन बसले. तिनं त्यांच्या केसांवरनं हात फिरवला.

"मला वाटत हुतं, तुम्हीच लेकीला पाठवत न्हाईसा," बसव्वा म्हणाली. "चार वर्सं वाईट चिंतलं तुमचं. उगं संशय घेतला. माफ करा मला."

आप्पांनी सासूचा हात डोक्यावरनं काढून आपल्या दोन्ही हातांत धरला.

"अव्वा, मी न्हाय आणलं. ह्या जरीनाताईंनी आणलं. मी मागनं एस्टीनं आलोय."