लाखनीच्या रांगेत फिरलेला पंखा

माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवसापासून आमच्या घरात अंगारा-धुपारा बंद. मी बावन्न वर्षांची आहे, गाडी स्वतः चालवते, तिला लिंबू-मिरची बांधत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे कुणी मला भोळी समजू नये.

लाखनीत उड्डाणपुलाचं काम चालू होतं, तेव्हाची गोष्ट. सानगडीजवळच्या आमच्या गावात अकरा बायकांचा गट आहे. त्या वर्षी गावाचा तलाव मासे पाळायला पहिल्यांदाच आम्हाला मिळाला होता. पुरुष मंडळी वाटच बघत होती... बायकांचं मत्स्यबीज मेलं, की तलाव परत मागायचा.

बीज आणायच्या आदल्या दिवशी गाडी साकोलीला रमेशभाऊ मेकॅनिककडे नेली. हायवेवर इंजिनच्या तापमानाचा काटा मधोमध राहायचा, बाजारात हळू चाललं की थेट लाल रेघेवर. त्याने बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि दहा मिनिटं नुसता बघत उभा राहिला.

"ताई, पाणी बरोबर हाये, रेडिएटर साफ हाये. पंखाच नाही फिरून राहिला. पळत्या गाडीले वारा लागते, उभ्या गाडीले कोण वारा घालन?"

पंख्याला बॅटरीचा डायरेक्ट करंट दिला. ढिम्म. मोटर जळून जाम झाली होती, पातं हातानेही हलेना. नवी मोटर दोन दिवसांनी येणार होती. त्याने पंख्याचा प्लग काढला, टेप गुंडाळून बाजूला बांधला. "पळवा, पण थांबू नका."

भंडाऱ्याच्या मत्स्यबीज केंद्रावरचा आमचा नंबर दुसऱ्याच दिवशी होता आणि दुसरी गाडी मिळाली नाही. मी आणि गटातली सुमनबाई भंडाऱ्याहून सकाळी निघालो. मागे ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या, त्यात रोहू-कटल्याची बोटाएवढी पिल्लं. ऊन तापायच्या आत ती तलावात सुटायला हवी होती.

साडेदहाला लाखनीत अडकलो. पुढे ट्रक, मागे ट्रक, दोन्ही बाजूंना खोदलेलं. इंजिन बंद करून पाहिलं, पण रांग दर मिनिटाला चार हात सरके आणि मागचे हॉर्न वाजवत. काटा चढायला लागला. इंजिनची उष्णता ओढून घ्यावी म्हणून मी हीटर पूर्ण सोडला.

"ताई, मासे शिजवाचे हायेत का?"

"पिशव्यायवर ओली चादर टाक न गुपचाप बस."

काटा लाल रेघेला टेकला. "एक पिशवी फोडून पाणी टाकू का गाडीत?" सुमनबाईने विचारलं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर तोंड भाजलं असतं. मी नको म्हटलं. आता गाडी बंद पडणार, मासे इथेच मरणार, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात — खर्र... मग घूं. मोटर जळायच्या आधी माझा पंखा सुरू होताना असाच घासायचा.

"पंखा लागला वाटते," सुमनबाई म्हणाली.

"लागूच शकत नाही," मी म्हटलं. काटा खाली उतरत होता.

पाऊण तास रांगेत होतो. पंखा थांबे, पुन्हा लागे, काटा मधोमध. मी उतरून बॉनेट उघडलं नाही. रांग सरकत होती म्हणून... असं मी सांगते तरी.

एका पिशवीतली मेली, बाकी सगळी पिल्लं तलावात पोहत गेली. मी तशीच रमेशभाऊकडे गेले. प्लग त्याच टेपमध्ये, त्याच्याच गाठीने बांधलेला. पातं जाम.

"तुमी दुसऱ्या रस्त्यानं आल्या असान."

मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तीच गाडी, तसाच काढलेला प्लग घेऊन त्याच रांगेत एकटी जाऊन उभी राहिले. नवव्या मिनिटाला वाफ. काट्याचा सेन्सर बिघडला असेल म्हणाल, तर तोही तपासून घेतला. ठीक होता.

सुमनबाईचं म्हणणं, तलावाच्या पाळीवर नारळ फोडू. मी म्हटलं, "फोड न खाय, पण पंख्याच्या नावानं नको." ज्याने वारा घातला त्याने समोर येऊन सांगावं. मी तरी हात जोडणार नाही.

मासे मोठे झाले, तलाव अजून आमच्याकडेच आहे. नवी मोटर चांगली आहे, घासत नाही. जुनी मी भंगारात दिली नाही. तुमच्याकडे मेकॅनिकल कारण असेल तर सांगा, मी ऐकेन. बाकीची कारणं गावाने सांगून झाली आहेत. मोटर ओसरीतल्या फळीवर आहे. अधूनमधून बोटाने पातं ढकलून बघते.

हलत नाही.