आबांचे कान आणि बेलची वायर

"सेट परत घे आणि मोकळा हो," शेठ म्हणाले. "एकदा बदलून दिला, तरी तीच तक्रार, आवाज फाटतो."

"सेटमध्ये खोट नाही. आधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बघतो," मी म्हणालो आणि निमगाव केतकीची एसटी धरली. बारामतीतल्या शेठच्या दुकानातून विकलेले स्टिरिओ घरोघरी दुरुस्त करणं हे माझं काम. मी तपासून दिलेल्या सेटला कुणी नावं ठेवली की मला फार झोंबायचं.

गिऱ्हाईक सुधाकरराव, कारखान्यात क्लार्क. सेट पुढच्या खोलीत शोकेसमध्ये, स्पीकर पार मागच्या खोलीत वडिलांच्या उशाशी.

"सेटच मागे का नाही ठेवत?"

"पाव्हण्यांना दिसाय नगं व्हय?"

वडील, म्हणजे आबा, भीमगीतांची गायन पार्टी चालवलेले. आता अंथरुणाला खिळलेले, पण गावातली पोरं त्यांच्याकडे गाणं शिकायला यायची. आबांनी त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं.

"दोन सेट बिघडत्यात व्हय? माझंच कान गेल्यात," आबा भिंतीकडे बघत म्हणाले. "शब्द कळना, तबला कळना. पोरांना काय डोंबल शिकवू?"

मला वाईट वाटलं. मी सुधाकररावांना हळूच म्हणालो, "थोडं पाणी मिळेल का?"

"माठ दाराआड हाय," आबाच म्हणाले.

एवढं ऐकणाऱ्याचे कान गेलेले नाहीत, हे मी तिथंच धरलं. आता दोष शोधल्याशिवाय मी उठणार नव्हतो.

भिंतीवरून मागे गेलेली वायर बघितली. दारावरच्या बेलची, सुतासारखी. सुधाकररावांनी स्वतः ओढलेली. अंतर लांब आणि वायर बारीक असली की सेटची ताकद वायरीतच खर्च होते. लांबच्या वावराला अर्ध्या इंची पाइपानं पाणी न्यावं तसं. मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो आणि आवाज फाटतो.

गोठ्यात विहिरीच्या मोटारीची जुनी केबल पडली होती. तांब्याची, जाड.

"ही लावू."

"नगं. ती लई करंट ओढंल. सेट जळंल, आबांना शॉक बसंल."

"वायर काही ओढत नाही. मोटार ओढते. इथं मोटार कुठंय?"

त्यांना पटेना. शेवटी मी केबल सेटला जोडली, गाणं लावलं आणि दुसरीकडची उघडी टोकं बोटांत धरून उभा राहिलो. सुधाकरराव माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला काहीच झालं नाही, तेव्हा कुठं स्पीकर जोडू दिले. सेटचं लाल टोक स्पीकरच्या लालला, काळं काळ्याला, दोन्ही स्पीकरना सारखंच.

व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवून कॅसेट पुन्हा लावली. आबा डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या कडव्याला त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हितं तबलेवाला लयीत मागं पडलाय," आबा म्हणाले. मग उशीवरून मान उचलून म्हणाले, "सुधाकर, पोरांना सांग, उद्यापासनं या."

शेठला एवढंच सांगितलं की सेट परत येत नाही. त्यानंतर नवा सेट विकताना मी किमतीआधी एक गोष्ट विचारायचो, स्पीकर कुठल्या खोलीत ठेवणार?