मैल्याची जागा आणि माझी तीन पानी हरकत

आधी चहा संपवा, मग सांगतो. मधेच हसलात तर ठसका लागायचा. माणूस आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतो म्हणतात ना? मी ती मारली, आणि तीही वळणदार अक्षरात.

निजामाचा अंमल होता. धाराशिवच्या शाळेत मी मास्तर होतो आणि माझ्या उर्दू अर्जीला गावात मान होता. गावाच्या पूर्वेला, ओढ्यापलीकडं, आमचा जमिनीचा एक तुकडा होता. तिथं घर बांधायचं होतं. भिंत एकही नव्हती, पण घर मात्र रोज बांधून व्हायचं. संध्याकाळी मी आणि माझी बायको सुभद्रा तिथं जाऊन बसायचो. तिनं दोन दगड मांडून पश्चिमेची खिडकी ठरवली होती. समोर मोकळा सरकारी माळ, आणि त्यावरून गवत हलवत येणारा वारा. ती त्या नसलेल्या खिडकीत उभी राहायची, मी नसलेल्या ओसरीवर पाय पसरायचो. खरं सांगतो, पुढं खऱ्या घरातही इतकं सुख लाभलं नाही.

आता गावाचं दुखणं ऐका. मैल्याची गाडी रिकामी करायला ठरलेली जागाच नव्हती. गाडी हाकणारा लक्ष्मण जिथं गाडी उभी करी, तिथले लोक हातात दगड घेऊन उठत. एकदा शाळेपाशी थांबून तो मला म्हणाला, "मास्तर, कुठं बी करा, पर एक जागा करा. गाडी समद्यांना पायजे, पर दारात कुणालाच न्हाय."

मला पटलं. गावाबाहेर पक्के खड्डे बांधावेत, मैल्याचं खत व्हावं, लक्ष्मणाचे हाल थांबावेत. मी चारचौघांत तसं बोलूही लागलो. मग बलदियानं, म्हणजे तेव्हाच्या नगरपालिकेनं, दवंडी दिली. जागा धरली होती ती आमच्या समोरच्या माळाची. कुणाची हरकत असेल त्यानं लेखी द्यावी. दवंडी संपेपर्यंत मला पटलेलं सगळं पटेनासं झालं.

सुभद्रा म्हणाली, "अहो, साऱ्या गावाच्या अर्ज्या लिहिल्यात. आता माझ्या खिडकीसाठी एक लिहा."

उर्दू शिकवणाऱ्या आमच्या उस्तादांनी अर्जीची रीत घोटून घेतली होती. आधी तारीफ, पोटभर तारीफ. मागणी अगदी शेवटी, एका ओळीत, मान खाली घालून. आरंभीच 'नको' म्हणणं म्हणजे बेअदबी. मी कलम घेऊन बसलो आणि माळाची तारीफ सुरू केली. इथला वारा गावावरून येतो आणि पूर्वेला निघून जातो, मागं वळून पाहत नाही. जमीन मुरमाड, कितीही पाऊस पडो, पाणी थांबत नाही. वाट रुंद, दोन गाड्या सहज जातील. जवळपास विहीर नाही, वस्ती नाही. आमचं घर फक्त मलाच दिसत होतं, त्याला काय वस्ती म्हणायची?

लिहिता लिहिता मी माळावरच जाऊन पोचलो. गवत आलं, चांदणं आलं, वाऱ्याचा वास आला. तिसरं पान भरलं तेव्हा माझेच डोळे भरून आले होते. खाली सही केली आणि अर्जी देऊन आलो.

महिन्याभरात जागा पाहायला वरचे मोठे साहेब आले. येडशीला रेल्वेतून उतरून, मोटारीनं थेट शाळेत. म्हणाले, "ये अर्जी लिखनेवाले मास्टरसाब कौन हैं?" माझी छाती दोन बोटं वर आली. मी त्यांना माळावर नेलं. सुभद्रानं घरून चहा करून आणला.

"हवा हमेशा इधरसेच चलती क्या?"

"बारा महिने, साब."

"बारिश में गाडी फसती?"

"बैल का खूर भी नहीं भीगता, साब."

साहेबांनी डोळे मिटून वारा अंगावर घेतला. "मास्टरसाब, ऐसी जगह मैं देखाच नहीं."

मला वाटलं, जिंकलो. इतक्या सुंदर जागी कोण मैला टाकेल? त्या संध्याकाळी आम्ही खिडकीच्या पडद्याचा रंगसुद्धा ठरवला.

आठ दिवसांत हुकूम आला. माळावरची जागा मंजूर. सोबत माझ्या अर्जीची नक्कल आणि साहेबांचा शेरा: इतकी बारकाईची शिफारस आजवर कुणी केली नव्हती.

शिफारस? मी तिन्ही पानं वाचली. पुन्हा वाचली. शेवटची ओळ नव्हतीच. मागणीची ती एक ओळ मी चांदण्यात विसरून आलो होतो.

सुभद्रानं नक्कल माझ्याकडून वाचून घेतली. घडी करून माझ्या हातात परत दिली. मग म्हणाली, "तीन पानं लिहिलीत. वारा आला, गवत आलं, चांदणं आलं. 'नको' एवढा एक शब्द नाही आला?" मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

घर झालं, पण खिडकी पूर्वेला निघाली. ते दोन दगड सुभद्रानं उचलून चुलीपाशी ठेवले. समोरून जाताना लक्ष्मण मात्र रोज हात जोडायचा. "मास्तर, आता कुणी दगड घेऊन उठत न्हाय. तुमचे लई उपकार झाले." मीही हात जोडायचो.

माझ्या हरकतीची गोष्ट एव्हाना गावभर झाली होती. एका सकाळी दार वाजलं. पलीकडच्या गल्लीतले चार जण टोप्या सावरत उभे होते. त्यातले वडीलधारे पुढं आले.

"मास्तर, आमच्या गल्लीत दवाखाना पायजे. किती अर्ज्या केल्या, कुणी ऐकंना. तेवढी तीन पानी हरकत लिवून द्या की."